पाणीयोजनेच्या नळीतले शिंपले : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत शिरलेल्या झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांवर एक पानाचं टिपण होतं. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्राच्या परिसरातले हे नखाएवढे शिंपले जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्यातून) तिकडे पोचले, त्यांतला झेब्रा १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात पहिल्यांदा सापडला, आणि हे शिंपले पाणीयोजनांच्या नळ्यांना आतून चिकटून त्या तुंबवतात, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या जॅकवेलमध्ये (नदी-तलावाचं पाणी पंपासाठी घेतात त्या विहिरीत) गाळ येतो, शेवाळ येतं, पावसाळ्यात काटक्या येतात. ते सगळं आम्ही काढतोच. नळीला इंचभर शिंपले चिकटले तर एवढा गहजब कशासाठी? (मिरज)

गाळ बसतो तो तळाशी. हे शिंपले नळीच्या चारही अंगांना बसतात. कोकण-गोव्यातल्या वाचकांनी खडकाला धरून राहिलेले शिणाणे पाहिले असतील. रांधण्याआधी त्यांची ‘दाढी’ ओढून काढावी लागते. तसेच धागे झेब्रा शिंपल्याला असतात. काँक्रीट, लोखंड, पीव्हीसी, दोर आणि दुसऱ्या शिंपल्याची पाठ, काहीही त्याला चालतं. त्यामुळे थरावर थर चढतात.

आता गणित करू. ६०० मिमी व्यासाच्या रॉ वॉटर लाइनला (कच्चं पाणी आणणाऱ्या नळीला) सगळीकडून २५ मिमीचा थर बसला, म्हणजे व्यास ५५० झाला. पाण्याला मिळणारी जागा १६ टक्क्यांनीच कमी झाली, म्हणून माणूस निश्चिंत राहतो. पण तेवढंच पाणी ओढायचं तर घर्षणाचा तोटा केवळ व्यास घटल्यामुळे दीडपट होतो. शिवाय भिंत खरखरीत झालेली असते. हेझन-विल्यम्सच्या सूत्रातला ‘सी’ (नळीच्या गुळगुळीतपणाचा आकडा) १३० वरून ९० वर आला असं धरलं, तर त्यामुळे तोटा आणखी दुप्पट. दोन्ही मिळून तिप्पट. ग्रॅव्हिटीने जॅकवेलमध्ये पाणी आणणारी नळी असेल तर आतली पातळी खाली जाते, पंप हवा ओढू लागतो आणि दोष पंपाला दिला जातो.

मिशिगनमधल्या मन्रो शहरात डिसेंबर १९८९ मध्ये हेच घडलं. शिंपल्यांनी आधीच अरुंद झालेल्या इंटेकमध्ये (सरोवरातून पाणी आत घेणाऱ्या नळीत) बर्फाचे कण अडकले आणि शहराचा पाणीपुरवठा सुमारे २ दिवस कोलमडला. शिंपला एकट्याने पाणी बंद पाडतो असं क्वचितच होतं. तो वाट अरुंद करून ठेवतो, उरलेलं काम बर्फ, शेवाळ किंवा एखादा तुटलेला झुबका करतो.

प्रश्न : क्लोरीन आपल्याकडे आहेच. एकदा मोठा डोस देऊन सगळे मारून टाकायचे, एवढं सोपं नाही का? किती द्यावं, कुठे द्यावं, हिशेबासकट सांगा. (निवृत्त पाणीपुरवठा अभियंता, नाशिक)

मोठा डोस ही सगळीकडे पहिली चूक असते. मोठ्या शिंपल्याला पाण्यात क्लोरीन जाणवलं की तो कवच मिटून घेतो आणि दोन आठवड्यांपर्यंत तसाच राहू शकतो. तुम्ही तीन दिवस जबर डोस देता, ओटी टेस्टमध्ये (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून बघायच्या चाचणीत) गडद पिवळा रंग पाहून समाधान मानता, डोस बंद करता, आणि तो कवच उघडून पुन्हा खायला लागतो. समजा, चिवटपणे डोस चालू ठेवला आणि सगळे मेले. मग काही टन मांस एकदम सडतं. अमोनिया सुटतो, प्राणवायू खाली येतो, आणि रिकामी कवचं सुटून स्ट्रेनरवर येऊन बसतात. शिंपले मेले तरी नळी तुंबतेच.

म्हणून मोठ्यांच्या मागे न लागता पिल्लं गाठायची. मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी घालते. त्यांतून निघालेली पिल्लं (यांना व्हेलिजर म्हणतात) सुरुवातीला ७० ते ९० मायक्रॉनची असतात, दोन ते पाच आठवडे पाण्यात तरंगतात आणि पाव मिलिमीटरच्या आसपास झाली की जागा धरतात. जाळीतून ती सहज आत येतात. पण त्यांचं कवच कोवळं असतं, मिटून बसायची ताकद नसते. त्यामुळे ०.३ ते ०.५ मिग्रॅ प्रतिलिटर इतकाच उर्वरित क्लोरीन नळीच्या शेवटापर्यंत सतत राहिला, तर ती चिकटत नाहीत. आधीच बसलेल्या मोठ्या शिंपल्यांसाठी २ मिग्रॅच्या आसपास, सलग दोन ते तीन आठवडे लागतात, आणि पाणी गार असेल तर त्याहूनही जास्त.

हिशेब २० एमएलडीच्या, म्हणजे दिवसाला २ कोटी लिटरच्या योजनेचा करू. कच्च्या पाण्याची क्लोरीनची मागणी (पाण्यातली घाणच खाऊन टाकते तेवढं क्लोरीन) १.५ आणि उर्वरित हवा ०.५, म्हणजे डोस २ मिग्रॅ. दिवसाला ४० किलो क्लोरीन. १० टक्क्यांचं हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) असेल तर साधारण ४०० लिटर. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर (३३ टक्के) म्हटलं तर १२० किलो, पण या कामाला टीसीएल घेऊ नका. तिचा न विरघळणारा चुना डोसिंगची बारीक नळी महिन्याभरात बंद करतो. मागणी मात्र स्वतः मोजा. ती ऋतूप्रमाणे बदलते, आणि आमचे १.५ तुमच्या नदीला लागू असतीलच असं नाही.

कुठे द्यायचं हे डोसपेक्षा महत्त्वाचं. जॅकवेलमध्ये दिलं तर जॅकवेलच्या पुढचं वाचतं, आणि सरोवरात गेलेली लांबलचक नळी तशीच शिंपल्यांच्या ताब्यात राहते. द्यायचं ते इंटेकच्या अगदी तोंडाशी. त्यासाठी मुख्य नळीच्या आतून किंवा बाजूने एचडीपीईची बारीक नळी तोंडापर्यंत नेतात आणि तोंडाच्या *आत* भोकं पाडलेली कडी बसवतात, म्हणजे औषध पाण्याबरोबर आतच ओढलं जातं. नळ्या दोन टाका, एक कायम राखीव. पाण्याखाली जाऊन एक नळी बदलायला पाणबुड्याचा जो खर्च येतो, त्यात अशा बऱ्याच नळ्या येतात. हायपो वाहून नेणारं पाणी जड असेल तर हायपोच्या जास्त पीएचमुळे नळीत चुन्याची पुटं धरतात. ते पाणी मृदू करून घ्या आणि नळी नियमित धुवा. डोसिंग पंप मुख्य पंपाशी इंटरलॉक हवाच. पंप बंद आणि डोस चालू राहिला तर क्लोरीन उलट सरोवरात जातं आणि सकाळी मासे तरंगतात.

पाण्याचा वेगही मदत करतो. सेकंदाला दीड-दोन मीटरच्या वर पिल्लांना बसता येत नाही. पण योजना रात्री बंद राहत असेल तर दिवसाच्या वेगाचा फार उपयोग नाही. पाणी थांबतं तेव्हाच ती बसतात. बेंड, व्हॉल्व्हची खाच, वापरात नसलेली बायपास आणि सॅम्पलिंगची अर्ध्या इंची लाइन ही त्यांची आवडती ठिकाणं. तपासणी करायची तर आधी तिथे बघा.

आता क्लोरीनची अडचण. कच्च्या पाण्यात सेंद्रिय द्रव्य असतं, त्यावर क्लोरीन पडलं की ट्रायहॅलोमिथेन नावाची अपायकारक संयुगं बनतात. अमेरिकेत त्यांच्या एकूण प्रमाणाला ८० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा आहे. इंटेकला क्लोरीन, पुढे प्रीक्लोरिनेशन, शेवटी पुन्हा क्लोरीन, असं केलं की ती मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. म्हणून बऱ्याच योजना इंटेकला पोटॅशियम परमँगनेट देतात. पिल्लांसाठी ०.२५ ते ०.५ मिग्रॅ प्रतिलिटर, सतत. २० एमएलडीला ०.५ ने दिवसाला १० किलो. २ टक्क्यांचं द्रावण करा, म्हणजे ५०० लिटरची टाकी रोज एक. जास्त दाट करू नका, गार पाण्यात खडे तळाशी राहतात आणि डोस नकळत कमी पडतो. मोठ्या शिंपल्यांवर परमँगनेटचा भरवसा नाही. आणखी एक धोका म्हणजे तुरटी पडायच्या आधी तो पूर्ण खर्च झाला नाही, तर फिल्टरमधून मँगनीज पार होतं, गुलाबी पाणी नळाला येतं आणि फोन वाजायला लागतात. क्लॅरिफ्लोक्युलेटरच्या (तुरटीने गाळ बसवायच्या टाकीच्या) आधीचं पाणी पांढऱ्या बादलीत घेऊन रोज रंग बघा. साधा उपाय आहे, पण चुकत नाही.

क्लोरीन डायऑक्साइड, तांब्याचे आयन, अतिनील किरण हेही चालतात. स्युडोमोनास फ्लुओरेसेन्स या जिवाणूच्या एका प्रकाराच्या मेलेल्या पेशींपासून बनवलेलं औषधही आहे. शिंपला ते अन्न समजून खातो, कवच मिटत नाही, ही त्यातली युक्ती. पण किंमत आणि मिळण्याची खात्री पाहता नेहमीच्या योजनेला क्लोरीन किंवा परमँगनेटच परवडतं.

डोस वर्षभर लागत नाही. झेब्रा शिंपल्याची वीण पाणी १२ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की सुरू होते. पंचमहासरोवरांवर म्हणूनच उन्हाळ्याच्या तोंडापासून शरदापर्यंत डोस देतात. काही योजना हंगामभर काही न करता शरदात, पाणी गार व्हायच्या आत, एकदाच दोन-तीन आठवड्यांची मात्रा देतात. तेव्हा त्या वर्षीचे शिंपले काही मिलिमीटरचेच असतात आणि कवचं वाळूसारखी वाहून जातात. ही पद्धत स्वस्त पडते, पण एक वर्ष चुकलं तर पुढच्या वर्षी नळीत उतरूनच साफ करावं लागतं.

प्रश्न : आमच्या ऑस्टिन शहरात फेब्रुवारी २०१९ मध्ये नळाच्या पाण्याला घाण वास येत होता. शिंपल्यांमुळे, असं तेव्हा सांगितलं गेलं. मग ते पाणी प्यायलो ते बरं केलं का? आणि वास आला तरी कसा? (ऑस्टिन, टेक्सस)

घाबरू नका. शुद्धीकरण केंद्रात गाळण आणि निर्जंतुकीकरण झालेल्या पाण्यातून जिवंत पिल्लं घरच्या नळापर्यंत येत नाहीत, आणि शिंपला स्वतः विषारीही नाही. वास होता तो सडण्याचा. कच्च्या पाण्याची एक नळी काही काळ बंद राहिली की आतल्या शिंपल्यांना प्राणवायू मिळत नाही, ते मरतात, साचलेल्या पाण्यात कुजतात. तीच नळी पुन्हा चालू केली की ते सगळं पाणी केंद्रात येतं. नेहमीच्या गाळणीला गढूळपणा कळतो, कुजका वास कळत नाही. त्याला सक्रिय कोळशाची पूड लागते आणि ती वेळेवर हाताशी असावी लागते.

यातून काम करणाऱ्यांसाठी निघणारा नियम असा, की बंद ठेवलेली रॉ वॉटर लाइन चालू करताना पहिलं पाणी केंद्रात घ्यायचंच नाही. नळीच्या घनफळाच्या दोन-तीन पट पाणी स्कावरवरून (नळी रिकामी करायच्या व्हॉल्व्हमधून) बाहेर सोडा, वास आणि प्राणवायू तपासा, मग आत घ्या. नळी साफ करायला माणूस उतरवायचा असेल तर आधी वायू मोजा. सडलेल्या शिंपल्यांमुळे हायड्रोजन सल्फाइड साठतो, आणि जास्त प्रमाणात त्याचा वास येणंच बंद होतं. ड्रेनेजच्या मॅनहोलमध्ये माणसं मरतात ती बरेचदा याच वायूने. पंखा, दोर, वर उभा माणूस, यातलं काही नसेल तर काम थांबवा.

साफसफाईला सरळ नळी असेल तर पिग, म्हणजे पाण्याच्या दाबाने नळीतून ढकलला जाणारा बोळा, सोडतात. सुरुवातीलाच घट्ट पिग घातला तर पुढे कवचांचा बांध तयार होतो आणि पिग मधेच अडकतो. आधी नळीच्या व्यासापेक्षा बराच लहान, मऊ फोमचा. मग क्रमाने मोठा. माणूस जाऊ शकेल अशा जागी २०० बारच्या वरचा पाण्याचा फवारा आणि खरवडणी. कवच निघालं तरी धागे भिंतीवर राहतात. ते राहिले तर पुढच्या पिढीला आयती पकड मिळते आणि लोखंड त्याखाली गंजतं. निघालेला माल सरोवरात परत ढकलू नका, ट्रकने कचराभूमीवर न्या.

प्रश्न : ह्युरॉन सरोवराकाठी आमचं कॉटेज आहे. पाणी सरोवरातून छोट्या पंपाने घेतो. दर उन्हाळ्यात फूट व्हॉल्व्ह शिंपल्यांनी भरतो. क्लोरीनच्या गोळ्या पिशवीत बांधून तोंडाशी लटकवल्या तर चालेल का? (लंडन, ऑन्टॅरिओ)

अजिबात नको. उघड्या सरोवरात क्लोरीन सोडणं बेकायदा आहे, आणि उपयोगही नाही. लाटेबरोबर ते पसरून जातं.

काठ वाळूचा किंवा खडीचा असेल तर उत्तम उपाय म्हणजे नळीचं तोंड उघड्या पाण्यात ठेवायचंच नाही. भोकं पाडलेली नळी खडी-वाळूच्या थरात पुरा, वर बारीक वाळू. आपल्याकडे नदीपात्रात झिरपविहीर घेतात तोच प्रकार. पाणी वाळूतून झिरपून येतं आणि बहुतेक पिल्लं वाळूतच अडतात. अडचण एवढीच, की दोन-तीन वर्षांनी वरची वाळू चोंदते, ती उकरून बदलावी लागते. काठाला पुरायच्या आधी स्थानिक परवानगी लागते, ती घ्या.

खडकाळ काठ असेल तर फूट व्हॉल्व्ह आणि स्ट्रेनर पितळी किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे घ्या. तांब्यावर शिंपले बसायला नाखूश असतात. प्लास्टिकच्या स्ट्रेनरवर ते आनंदाने बसतात. नळ्या दोन ठेवा, एक पाण्यात आणि एक किनाऱ्यावर उन्हात. दर दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल. बसलेली पिल्लं तेवढ्या उन्हात वाळून मरतात. मोठे शिंपले मात्र दमट, गार हवेत पाण्याबाहेर कित्येक दिवस जगतात, त्यामुळे ते मोठे व्हायची वाट बघू नका. घाई असेल तर ६० अंशांचं गरम पाणी प्रत्येक भागावर किमान १० सेकंद. व्हॉल्व्हच्या आतल्या खाचेत तेवढं तापमान पोचतंय की नाही ते बघा. बाहेरून वाफ दिसली म्हणजे आत गरम झालं असं नाही.

घरात पंपानंतर ४० मायक्रॉनचा, स्वतः धुऊन निघणारा फिल्टर, मग ५ मायक्रॉनचा काडतुशी फिल्टर, मग अतिनील दिवा. हा क्रम उलटा केलात तर ५ मायक्रॉनचं काडतूस आठवड्यात चोंदेल. हिवाळ्यापूर्वी सगळी नळी बाहेर काढून निथळून ठेवा.

प्रश्न : आम्ही श्टुटगार्टला राहतो. आमचं पाणी बोडनसे सरोवरातून, ६० मीटर खोलीवरून येतं. एवढ्या खोल, थंड पाण्यातही शिंपले? (श्टुटगार्ट, जर्मनी)

हो, आणि ते क्वागा आहेत. झेब्राला उथळ, उबदार पाणी आणि टणक जागा लागते. क्वागा चिखलावरही बसतो, गार पाण्यातही वीण करतो आणि खूप खोल जातो. बोडनसेमध्ये तो २०१६ पासून आहे. वर्षभर वीण चालत असल्याने ‘हंगाम संपला, डोस बंद’ हा मार्ग तिथे नाही, आणि जर्मन ग्राहकाला पाण्यात रसायन कमीत कमी हवं असतं. त्यामुळे तिथली पाणीसंस्था अल्ट्राफिल्ट्रेशनकडे, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून गाळण्याकडे वळली आहे. पडद्याची छिद्रं पिल्लांच्या मानाने इतकी बारीक, की पडद्यापुढे प्रश्नच उरत नाही. पण पडद्याच्या *मागची*, म्हणजे सरोवराकडची नळी घासून, पिग सोडूनच साफ ठेवावी लागते.

प्रश्न : कॅलिफोर्नियात आता सोनेरी शिंपला आला म्हणतात. आमची कायाक असते. झेब्रासाठी जे करायचो तेच पुरे ना? (फ्रीमाँट)

तेच, पण जास्त कसोशीने. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉक्टन बंदरात तो उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडला. मूळचा चीन आणि आग्नेय आशियातला. १९९१ मध्ये दक्षिण अमेरिकेत रिओ दे ला प्लाता नदीमुखात सापडला आणि दहा वर्षांत इताइपूच्या महाकाय जलविद्युत प्रकल्पापर्यंत चढला. झेब्राला कवच बांधायला लिटरमागे निदान १२ मिग्रॅ कॅल्शियम लागतं. सोनेरी शिंपल्याला त्याच्या काही अंशानेही भागतं. त्यामुळे मृदू पाण्याची जी तळी आजवर सुरक्षित मानली जात, ती आता तशी राहिली नाहीत. कायाक, पॅडल, बूट, लाइफ जॅकेट सगळं धुवा, पाणी निथळा, पूर्ण वाळवा. काही जलाशय होडीला सील लावून ३० दिवस थांबवतात. तो वेळकाढूपणा नाही, वाळायला लागणारा वेळ आहे.

प्रश्न : हे उद्या उजनीत किंवा खडकवासल्यात आलं तर? आपल्या नदीतही शिंपले दिसतात, ते तेच का? (पुणे)

ते नव्हेत. आपल्या नदीतला शिंपला चिखलात अर्धा रुतून राहतो, बोटभर लांब होतो, आणि त्याची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. तो भिंतीला झुबक्याने बसत नाही. त्याला मारू नका.

झेब्राचा एक नातेवाईक मात्र भारतात कधीच आला आहे. मायटिलॉप्सिस साले हा कॅरिबियनकडचा काळपट शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणम बंदरात नोंदला गेला आणि मुंबईच्या गोद्यांतही पोचला. तो खाऱ्या-मचूळ पाण्यातला, धरणातला नाही. याच जातीसाठी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या मरिना बंद करून त्यांत ब्लीच आणि मोरचूद ओतावं लागलं होतं, यावरून त्याची चिकाटी कळावी.

धरणाला धोका किती, याचा पहिला अंदाज तुमच्या प्रयोगशाळेच्या अहवालातच असतो. ‘कॅल्शियम हार्डनेस’ हा आकडा ०.४ ने गुणा, की कॅल्शियम मिळतं. हार्डनेस ७० असेल तर कॅल्शियम २८, आणि एवढ्यावर झेब्रा मजेत वाढतो. त्याला अडवील तर आपला उन्हाळा. पाणी ३० अंशांवर टिकलं तर तो तग धरत नाही. सोनेरी शिंपल्याला त्याचंही काही वाटत नाही, म्हणून आपल्याकडे लक्ष ठेवायचं ते त्याच्यावर.

लक्ष कसं ठेवायचं? पीव्हीसीच्या १५ सेंमीच्या चौरस पट्ट्या दोरीला वेगवेगळ्या खोलीवर बांधून इंटेकजवळ सावलीत लटकवा, महिन्याला वर काढून हात फिरवा. नुकतीच बसलेली पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत, पण सँडपेपरसारखी खरखर बोटाला कळते. शंका आली तर ६४ मायक्रॉनच्या जाळीने पाणी गाळून नमुना अल्कोहोलमध्ये ठेवा आणि एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरॉइड काचांमधून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. व्हेलिजर काळ्या पार्श्वभूमीवर चमकतो, त्यावर फुलीसारखी आकृती दिसते. ऑस्ट्राकॉड नावाचे कवचधारी किडेही असेच चमकतात, त्यामुळे एका चमकत्या ठिपक्यावरून बोंब ठोकू नका. दुसऱ्या जाणकाराला दाखवा.

आणि एक. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेत मत्स्यपेट्यांसाठी विकल्या जाणाऱ्या शेवाळाच्या हिरव्या गोळ्यांत जिवंत झेब्रा शिंपले सापडले होते. परदेशातून आलेली अशी वनस्पती किंवा पेटीतलं पाणी नदीत, ओढ्यात वा गटारात ओतू नका. पाणी उकळून, गार करून सिंकमध्ये टाका. गोळा गोठवून किंवा उकळून, पिशवीत बांधून कचऱ्यात.